सीओपीडी: पंपाखेरीज काय काय वापरलं, काय टिकलं

बिडी-सिगारेट कधी हातात धरली नाही, पण गावी चुलीपुढे वीसेक वर्षं गेली. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. औषधाचा पंप (इनहेलर) चालूच आहे, त्याबद्दल इथे काही नाही. उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत बाकी काय करून पाहिलं, ते लिहिते. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही.

सगळ्यात जास्त उपयोग फुंकरीचा झाला. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर घालतो तशी, हळू सोडायचा. घ्यायला दोन आकडे, सोडायला चार. या आजारात हवा आत जाते, पण बाहेर पडताना बारीक श्वासनलिका मिटतात आणि जुनी हवा कोंडून राहते. फुंकरीमुळे आत थोडा दाब राहतो, नळ्या उघड्या राहतात. जिन्यात आता पाय उचलताना श्वास सोडते, थांबून घेते, मग पुढची पायरी. वेळ लागतो, पण वर पोचल्यावर बोलता येतं. शेजारणीने सुचवलेली कपालभाती मात्र फिजिओथेरपिस्टने मला करू दिली नाही. जोराने भराभर श्वास सोडला की हवा आणखी कोंडते.

तीन चेंडूंचं यंत्र दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारलं. ते श्वास आत ओढायला लावतं. ऑपरेशननंतर देतात ते यासाठीच. माझी अडचण नेमकी उलटी. नातवाचा त्यावर डोळा आहे (तोंडाला लावू देत नाही).

चार्जिंगचा छोटा हातपंखा घेताना मला हसू आलं होतं. पण धाप लागली की वीतभर अंतरावरून नाकावर आणि वरच्या ओठावर वारा घ्यायचा, खरंच बरं वाटतं. ऑक्सिजन त्याने वाढत नाही. चेहऱ्याच्या नसांना गार वारा लागला की मेंदूला धाप कमी जाणवते. आता तो पिशवीतच असतो.

ऑक्सिमीटरबद्दल माझं मत थोडं कडू आहे. धाप आणि ऑक्सिजन नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, त्यामुळे सारखं बोट घालून बसलं की जिवाला घोर वाढतो. बोटं गार असली तर आकडाही चुकतो. चालण्याआधी-नंतर बघते, बास.

फुप्फुसांच्या व्यायामाचा वर्ग आठ आठवड्यांचा होता. सुरुवातीला ३० मीटरच्या सरळ वाटेवर सहा मिनिटांत किती चालता ते मोजतात, मध्ये थांबलं तरी चालतं. मग धाप ० ते १० मध्ये सांगायची. व्यायाम ४ च्या आसपास ठेवायचा. (धापवाल्यांचा वर्ग पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद! कोणाला सुचलं असेल?) फुप्फुसं सुधारली नाहीत, ती सुधारत नसतात. पाय सुधारले. मांड्यांत ताकद आली की तेवढ्याच कामाला श्वास कमी लागतो. वर्ग संपल्यावर सोडलं तर कमावलेलं हळूहळू जातं, म्हणून सोसायटीच्या आवारात फेऱ्या आणि खुर्चीवरून ऊठ-बस चालू आहे.

घरात न्हाणीत स्टूल आलं, पोळ्या बसून लाटते, जेवण थोडं थोडं. पोट गच्च भरलं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद. उदबत्तीवरून सासूबाई अजून रुसलेल्या आहेत. दिवाळीत खिडक्या लावून घेतल्या, आणि 'सफर' या हवेची प्रदूषण-पातळी सांगणाऱ्या सेवेवर हवा खराब दाखवली की फेऱ्या घरातच, स्वयंपाकघर ते गॅलरी.

कफाचा रंग बदलला, ओठ निळसर दिसले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर पंखा-फुंकर करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.