परदेशी निधी की सीएसआर? नागपुरातल्या लहान शिक्षणसंस्थेसाठी

वस्तीत अभ्यासिका चालवायची, चार-पाच ताई-दादांना दरमहा मानधन द्यायचं, तर पैसा आणायचा कुठून? माझं मत आधीच सांगते: नागपुरात असाल तर सुरुवात कंपन्यांच्या सीएसआरपासून, म्हणजे कायद्याने समाजकामावर खर्च करायच्या निधीपासून करा, पण मानधन एकट्या त्याच्या भरवशावर ठेवू नका.

परदेशी देणगीसाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचं नियमन करणाऱ्या कायद्याखालची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. कित्येकांची गाडी इथेच अडते. पूर्वी मोठ्या संस्था बाहेरून आलेला निधी लहान संस्थांना पुढे देऊ शकत. या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने ते बंद केलं. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांवर हा सरळ अन्याय झाला, असं मला वाटतं. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. शाळेतल्या शिक्षकांचे पगार त्यात धरत नाहीत, एवढा दिलासा. पैसे मात्र आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत जमा होतात. तिथून ते नागपूरच्या खात्यात आणता येतात.

देणाऱ्या देशांचं राजकारण वेगळंच. ब्रिटनने भारताची आर्थिक मदत २०१५ मध्ये थांबवली, अमेरिकेने २०२५ मध्ये यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था मोडीत काढली. तिकडची निवडणूक इकडचा वर्ग बंद पाडू शकते. जागतिक बँकेच्या ५० कोटी डॉलरच्या ‘स्टार्स’ या शालेय शिक्षण प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश झाला, पण ते कर्ज सरकारी यंत्रणेतून खर्च होणारं. त्यावर आशा ठेवू नका.

सीएसआरला आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचं काम लागतं. वेस्टर्न कोलफील्ड्स (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या दोन्ही सरकारी खाणकंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, भेट मागणं सोपं. कायद्यात मात्र कंपनीच्या कार्यक्षेत्राला प्राधान्य आहे. त्यामुळे उमरेड, सावनेर किंवा मनसरच्या खाणपट्ट्यात काम असेल तर तुमची बाजू भक्कम. उत्तर नागपुरातल्या झोपडपट्टीसाठी दुसऱ्या कंपन्या शोधाव्या लागतील. शिवाय बऱ्याच कंपन्यांना डेस्क, स्मार्ट बोर्ड द्यायला आवडतं, कारण त्यावर पाटी लावता येते. मानधनाचं पहिल्याच बैठकीत विचारा आणि तीन वर्षांचा करार मागा.

मानधनासाठी अनेकांच्या लक्षात न येणारी वाट म्हणजे परदेशात राहणारे आपले लोक. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं की ठरते, म्हणून देणगीदाराकडून पासपोर्टची प्रत घ्याच.

एफसीआरएचा अर्ज हिशेबाला पक्का माणूस मिळाल्यावरच करा. नोंदणी झाली की परदेशी निधीच्या हिशेबाचं एफसी-४ विवरणपत्र दरवर्षी भरावं लागतं, परदेशातून रुपयाही आला नाही तरी.