घरच्या प्लेनरला दोन एचपीचा डस्ट कलेक्टर : मशीन ठीक, सोबतची पिशवी आणि पाइप बदला

आठ इंच रुंद आणि दोन मीटर लांब सागवानी फळीवरून एक मिलिमीटर काढला, तर मोजून ४०० घन सेंटीमीटर लाकूड निघतं. मोकळ्या छिलक्यांच्या रूपात तेच अडीच-तीन लिटर भरतं. एका दरवाजाच्या चौकटीचं लाकूड प्लेनरमधून, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनमधून, काढलं की खोलीत घोटाभर ढीग झालाच. त्यामुळे बारा-तेरा इंची पोर्टेबल प्लेनर घेणाऱ्यानं डस्ट कलेक्टरचा, म्हणजे छिलके आणि धूळ ओढून पिशवीत भरणाऱ्या मशीनचा, खर्च त्यातच धरावा.

घरगुती व्हॅक्युम क्लीनरवर भागवायचा विचार सोडून द्या. त्याची ओढ जबरदस्त असते, पण हवा थोडी. जास्तीत जास्त १०० ते १५० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. त्यातून नळी बारीक. लांब छिलका आडवा अडकला की मागचे त्यावर साचतात आणि दोन-तीन फळ्यांत नळी गच्च होते. हातातल्या ८२ मिमीच्या इलेक्ट्रिक रंध्याला तो पुरतो, त्यापुढे नाही.

लाकडाचा छिलका पाइपात खाली न बसता पुढे जायचा तर हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४००० फूट लागतो. चार इंची पाइपात या वेगाला साधारण ३५० सीएफएम हवा वाहते. दोन एचपीच्या कलेक्टरवर १२०० किंवा त्याहून जास्त सीएफएम छापलेलं असतं, ते नळी आणि पिशवी न लावता मोजलेलं. प्रत्यक्ष जोडणीत निम्मं मिळालं तरी आपलं काम होतं. एक एचपीचं मशीनही प्लेनरला अगदी खेटून ठेवलं आणि नळी दीड मीटरच्या आत राहिली तर चालतं. मध्ये छिलके अडवणारा ड्रम (त्याबद्दल पुढे) आला की त्याचा दम संपतो. म्हणून दोन एचपी.

आता मशीन. मोटर आणि लोखंडी पंखा सहसा ठणठणीत असतात, चाकांचा सांगाडाही बरा. पुढच्या तोंडाला चार इंची दोन फाटे येतात. एकच प्लेनर जोडायचा असेल तर दुसरं तोंड टोपण लावून बंद करा, नाहीतर अर्धी हवा तिथूनच शिरते. फाट्याच्या आत बोटं जाऊ नयेत म्हणून फुलीच्या आकाराची जाळी असते. सगळ्यात जास्त त्रास हिचाच. पॅकिंगच्या पाइन लाकडाचे लांब, कुरळे छिलके फुलीवर लोंबकळतात, दहा-बारा मिनिटांत त्यांचं घरटं होतं आणि ओढ मरते. मशीन बंद करून, प्लग काढून, फाटा उतरवून हातानं साफ करायचं. जाळी कापून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. मग गाठीचे तुकडे थेट पंख्यावर आदळतात, आणि बोटांचा धोका आहेच.

खरा इलाज म्हणजे पंख्याच्या आधी ड्रम. सोलापुरात रोज नळाला पाणी नसल्यानं निळा प्लास्टिकचा ड्रम शोधायला लांब जावं लागत नाही. लोखंडी रिंगचं झाकण असलेला ५० ते ६० लिटरचा जाड ड्रम घ्या. रंगाची वीस लिटरची बादली घेऊ नका. नळी तुंबली की ओढीनं ती डब्यासारखी चेपते. झाकणावर दोन तोंडं करायची. आत येणारं तोंड कडेला आणि भिंतीच्या वळणाला धरून, बाहेर जाणारं मधोमध. हवा गोल फिरते, जड ढलप्या भिंतीला घासत खाली बसतात, बारीक धूळ तेवढी पुढे जाते. झाकणाच्या सांध्यात हवा गळली तर हा खेळ संपतो आणि खाली बसलेला भुसाही उचलला जाऊन पिशवीत जातो. सायकलची जुनी ट्यूब कापून रिंगखाली बसवली की सांधा घट्ट होतो. ड्रम दोन-तृतीयांश भरला की रिकामा करायचा, म्हणजे वर सांगितलेल्या मापाच्या फळीचे तेरा-चौदा पास (एकदा फळी फिरवली की एक पास). ड्रम काठोकाठ भरला तरी मशीन काही सांगत नाही, सगळं निमूट पिशवीत जातं. बाजूला उभी चीर पाडून बाहेरून पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी घट्ट बसवली तर पातळी दिसते.

पाइपाला ११० मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप) घ्या, कुठल्याही सॅनिटरीच्या दुकानात मिळतो. पावसाच्या पाण्याचा पातळ टाइप ए पुरे. अडचण मापाची आहे. हा पाइप बाहेरून ११० मिमी, आणि प्लेनरचं तोंड बहुतेक १०० मिमीच्या आसपास. म्हणजे चार इंची नळी पाइपावर चढत नाही आणि मशीनचं तोंड पाइपात सैल बसतं. तोंडाला रबरी पट्टी गुंडाळा, पाइपच्या टोकाला हॅक्सॉनं लांबीत दोन चिरा द्या आणि वरून क्लॅम्प आवळा. काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशाचे दोन बेंड. एक तरी डोअर बेंड असावा, तुंबल्यावर दार उघडून बोट घालता येतं. पाइपचं साधं टोक हवेच्या दिशेनं पुढच्या सॉकेटात जायला हवं. उलट बसवलं तर प्रत्येक सांध्याच्या काठावर छिलका अडतो. सांधे चिकटवू नका, सॉकेटातली रबरी रिंग पुरते. लवचिक नळी फक्त प्लेनरजवळ, दीड-दोन मीटर. आतल्या वळ्यांमुळे तिचा अडथळा गुळगुळीत पाइपाच्या दुप्पट-तिप्पट असतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत प्लास्टिक पाइपाला हात लागला की स्थिर विजेचा चटका बसतो. म्हणून लवचिक नळीतल्या तारेचं टोक सोलून मशीनच्या अर्थिंगला जोडा.

सोबत येणारी पिशवी बहुधा ३० मायक्रॉनची असते, म्हणजे त्याहून बारीक कण तिच्यातून निसटतात. ती छिलके धरते, फुफ्फुसात जाणारी धूळ मात्र खोलीभर फवारते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलेली आहे. तेव्हा इथं काटकसर नको. पाच मायक्रॉनची नीडल फेल्टची (न विणलेल्या, दाबून गुंफलेल्या तंतूंच्या कापडाची) पिशवी घ्या, एक मायक्रॉनची मिळाली तर उत्तमच. चादरीचं किंवा टॉवेलचं कापड कितीही जाड असलं तरी विणीतून धूळ सुटते. मशीन अंगणात ठेवून हवा बाहेर सोडणं सोपं खरं, पण जुळे सोलापुरातल्या खेटून असलेल्या बंगल्यांत उन्हाळ्यात शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत असतात, एवढं ध्यानात ठेवा. ड्रम ओतताना एन९५ मास्क लावा, तिथंच सगळ्यात जास्त धूळ उडते.

ओढ कमी पडतेय हे फळीच सांगते. पृष्ठभागावर बारीक खळगे दिसू लागले की समजा, न ओढलेले छिलके मागच्या रोलरखाली दाबले जात आहेत. प्लेनरचा हूड (छिलके बाहेर काढणारं झाकण) उघडून आत पाहा, मग ड्रम, मग पिशवी. खळग्यांवर ओलं फडकं फिरवलं तर दबलेले तंतू बरेचसे वर येतात.

वायरिंगचं म्हणाल तर दोन एचपीची मोटर चालू असताना नऊ-दहा अँपिअर घेते, प्लेनर सात-आठ. एका १६ अँपिअरच्या सॉकेटवर दोन्ही चालणार नाहीत. बोर्डापासून दोन वेगळ्या लाइनी काढा, कलेक्टरला २.५ चौ. मिमीची तार आणि सी-कर्व्हची, म्हणजे मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारी, एमसीबी. बी-कर्व्ह सुरुवातीच्या झटक्यालाच पडते. आधी कलेक्टर चालू करायचा, मग प्लेनर. बंद करताना उलट, आणि कलेक्टर आणखी वीस सेकंद चालू द्यायचा, म्हणजे पाइपात काही राहत नाही.

साठलेल्या छिलक्यांना गिऱ्हाईक मिळतं. डाळिंबाच्या बागेत आच्छादन म्हणून ते झाडाखाली पसरतात. मातीत मात्र मिसळायचे नाहीत, कुजताना ते जमिनीतलं नत्र ओढतात. प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा त्यात जाऊ देऊ नका, त्यात रेझिन असतं.