स्लो ज्युसर : यंत्र उत्तम, पण भुकेच्या भरवशावर घेऊ नका

सहा महिने हा स्लो ज्युसर, म्हणजे फळं हळूहळू दाबून रस काढणारं यंत्र, रोज वापरतेय. यंत्राला नाव ठेवायला जागा नाही. आवाज कमी, आणि चोथा इतका कोरडा निघतो की मुठीत दाबला तरी थेंब गळत नाही. जाळी मात्र लगेच धुवा. अर्धा तास तशीच राहिली की भोकांत फळाचे तंतू वाळून बसतात, मग ब्रशने घासत बसावं लागतं.

मी तो घेतला वजन उतरवायला. सकाळी खाण्याऐवजी ग्लासभर रस, एवढाच बेत. तीन सफरचंदांचा एक ग्लास होतो. तो दोन मिनिटांत संपायचा आणि दीड तासात पोटात कावळे ओरडायला लागायचे. वाटलं, होईल सवय. पंधरा दिवसांनीही तेच. अकराच्या सुमारास हाताला लागेल ते खायचे, वर दुपारचं जेवण नेहमीएवढंच. काटा जागचा हलला नाही.

मग एका सकाळी तशीच तीन सफरचंदं चावून खायला बसले. दुसरं संपेपर्यंत जबडा दुखला, तिसरं उचलवेना. जेवायच्या वेळेपर्यंत भुकेची आठवण नाही! तेव्हा चोथ्याच्या भांड्याकडे नीट पाहिलं. पोटाला धरून ठेवणारं जे काही होतं, ते मी रोज टाकून देत होते.

हे काही माझ्याच पोटाचं नाही. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अख्खं सफरचंद, त्याचा वाटलेला गर आणि रस यांची तुलना छापून आली होती. रस अख्ख्या फळापेक्षा ११ पट भरभर संपला, पोट सगळ्यांत कमी त्यानेच भरलं, आणि नंतर रक्तातली साखरही जास्त खाली घसरली. गर मधोमध राहिला. म्हणून स्वतःसाठी मी आता साध्या मिक्सरमध्ये न गाळता दाट फिरवते आणि चमच्याने खाते.

तरी ज्युसर विकणार नाही. सासूबाई आजारातून उठल्यावर दोन घासांपुढे जेवत नव्हत्या. जेवणाआधी काही खाल्लं की तेवढेही जाईनात. रसाने तसं झालं नाही. अकरा वाजता अर्धा ग्लास घेऊनही एकला त्या ताटावर बसायच्या. त्यांच्यासाठी तो अजून रोज चालतो, आणि जाळी मी न कुरकुरता धुते.