क्रॉसबाइटसाठी हायरॅक्स: मुलीला काही महिने लावल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. आमच्या लेकीला हायरॅक्स, म्हणजे टाळूत बसवून वरचा जबडा हळूहळू रुंद करणारं उपकरण, लावला हे योग्यच झालं. पण दात वेडेवाकडे दिसणाऱ्या प्रत्येक मुलाला याची गरज आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही.

लेक तेव्हा साडेआठ वर्षांची होती. घरात सगळ्यांना खुपायची ती वरच्या पुढच्या दोन दातांमधली फट. पहिल्या दवाखान्यात तीच फट दाखवून लगेच तारा लावायला सांगितलं आणि पॅकेजचा कागदही हातात दिला. चावताना जबडा कसा बसतो, हे तिथे कुणी पाहिलंच नाही.

दुसरं मत एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे दात-जबडा नीट बसवण्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या दंततज्ज्ञांचं, घेतलं. त्यांनी फटीची चिंताच करू नका म्हणून सांगितलं. दोन मिलिमीटरपर्यंतची अशी फट या वयात नेहमीची असते, अकरा-बारा वर्षांच्या सुमारास वरचे सुळे खाली उतरले की ती बहुतेकदा आपोआप मिटते. मग त्यांनी लेकीला मोठा आ करायला लावला आणि हळूहळू तोंड मिटायला सांगितलं. तोंड उघडं असताना वरच्या आणि खालच्या दातांचा मध्य समोरासमोर होता. दाढा टेकल्या आणि पूर्ण चावल्यावर मात्र अख्खा खालचा जबडा उजवीकडे सरकला, हनुवटीसकट. उजव्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. हाच क्रॉसबाइट. आपल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट घरी आरशासमोर दोन मिनिटांत बघता येते, आणि मी सगळ्यांना ती आवर्जून बघायला सांगते.

वाट का बघायची नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे दाढांना नीट जागा मिळत नाही, म्हणून मूल खालचा जबडा बाजूला सरकवून चावतं. वाढीच्या वयात तो तसाच सरकत राहिला, तर वाढही तिरकी होण्याची भीती असते. टाळूच्या मध्यावरचा सांधा लहानपणी सहज उघडतो. किशोरवय सरता सरता तो घट्ट होतो आणि मग हाडात बसवायचे स्क्रू किंवा शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ऑर्थोडॉन्टिक उपचारांची गरज ठरवायला पाच श्रेणींची मोजपट्टी वापरतात. त्यात जबडा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवणारा क्रॉसबाइट चौथ्या श्रेणीत येतो, म्हणजे उपचार हवेतच. वरचे दात सहा मिलिमीटरपेक्षा जास्त, नऊपर्यंत पुढे असतील तरीही चौथीच श्रेणी. लेकीचे जेमतेम चार मिलिमीटर पुढे होते, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही.

आता रोजच्या वापराबद्दल. दाढांना पट्ट्या आणि टाळूत मधोमध स्क्रू. किल्लीने पुढून मागे पाव फेरा द्यायचा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. आम्हाला रोज एकदा सांगितलं होतं. लेकीला पलंगावर आडवं करायचं, नवऱ्याने फोनचा टॉर्च धरायचा आणि मी किल्ली फिरवायची. फेरा पूर्ण दिला तरच पुढचं भोक समोर येतं. अर्धवट सोडला तर दुसऱ्या दिवशी किल्ली शिरतच नाही. किल्लीला लांब दोरा बांधाच, घशात जायची भीती राहत नाही. फेरा दिल्यावर नाकाच्या मुळाशी दाब आल्यासारखं वाटतं असं ती म्हणायची. थोड्या वेळात ते जायचं.

सुरुवातीला ‘स’ आणि ‘श’ बोबडे झाले, लाळ फार यायची, जेवण रेंगाळायचं. मऊ खिचडी, वरणभात, उपमा चालला. साबुदाणा मात्र स्क्रूखाली असा अडकायचा की नको वाटायचं. चिक्की, चिंचेची गोळी, च्युइंगम पूर्ण बंद. साफ करायला बिनसुईची सिरिंज आणि कोमट पाणी हा सर्वांत कामाचा उपाय. एवढं करूनही पट्ट्यांलगतची हिरडी मधूनमधून सुजायची आणि तोंडाला वास यायचा, ही माझी खरी तक्रार.

पुढची फट आधी आणखी रुंदावते. हे आधी सांगितलेलं नसेल तर आईबाप हादरतील. सांधा उघडतोय याचीच ती खूण असते, आणि स्क्रू फिरवणं थांबल्यावर ती हळूहळू कमी होते. आमची तशीच कमी झाली. त्यानंतर स्क्रू लॉक करून हायरॅक्स काही महिने तोंडातच ठेवावा लागला, कारण उघडलेल्या जागेत हाड भरायला वेळ लागतो. घाईने काढला तर जबडा पुन्हा आत यायला लागतो.

आता दाढा बरोबर बसतात, जबडा सरकत नाही. हायरॅक्स निघाला आहे, रात्री प्लेट लावते. बारा-तेराव्या वर्षी तारा लागू शकतील हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे दुसऱ्या खर्चाची तयारी ठेवली आहे. खाजगीतला खर्च झेपत नसेल किंवा नुसतं मत हवं असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. रांग लांब असते, पण तिथे पॅकेजचा कागद कुणी पुढे करत नाही.