ओळखीच्या नंबरवरून आलेली चलनाची फाइल, आणि मग माझ्याच नंबरवरून पुढं गेलेली

हे लिहायला मला दोन महिने लागले. माझे पैसे गेले ते सांगायला काही वाटत नव्हतं, पण माझ्या नावानं दुसऱ्याचे गेले हे सांगायला तोंड होत नव्हतं. गेल्या आठवड्यात परत एकाला तसलीच फाइल आली म्हणून आता लिहितोय. लांब होईल, पण वाचा आणि घरात जे कोण मोबाइल वापरतंय त्यांना वाचून दाखवा, म्हाताऱ्या माणसांना तर नक्कीच.

माझं कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, फौंड्रीतनं आलेलं कास्टिंग टर्निंग करायचं आणि गोकुळ शिरगावला पोचवायचं, टेंपो मीच चालवतो. त्या आठवड्यात बुधवारी दाभोळकर कॉर्नरला सिग्नल पडता पडता माझं पुढचं चाक झेब्रा पट्ट्यावर गेलेलं, त्यामुळं डोक्यात होतंच की पाचशेचं चलन येणार. शुक्रवारी संध्याकाळी मशीन बंद करायच्या टायमाला व्हॉट्सअॅपवर फाइल आली. पाठवणारा कोण, तर आमच्या तालमीतला, शाळेपासूनचा दोस्त. फाइलचं नाव आरटीओ ई-चलान, पुढं टिंब आणि एपीके. खाली दोन ओळी, तुमच्या गाडीचं चलन थकलंय, फाइल उघडून बघा. त्याचा एक पाहुणा गाड्यांच्या कागदपत्रांचीच कामं करतो, मला वाटलं त्यानं माझ्या गाडीचं बघितलं असणार आणि ह्यानं मला पाठवलं. हात ऑइलनं भरलेले, बोट बनियनला पुसलं आणि दाबलं.

फोननं सांगितलं होतं, हे मी लपवणार नाही. हे अॅप धोकादायक असू शकतं असं लिहून आलं, खाली बारीक अक्षरात 'तरीही इन्स्टॉल करा', मी तेच दाबलं. मग मेसेज वाचायची परवानगी द्या, मेसेज पाठवायची द्या, कॉन्टॅक्ट बघायची द्या, फोनची द्या. मी देत गेलो. दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून आलं असतं तर दिल्या नसत्या, पण दोस्ताचं नाव वर दिसतंय म्हटल्यावर मनात शंकाच आली नाही. मग वरती अशोकस्तंभ असलेलं पान उघडलं, गाडी नंबर टाका, एमएच ०९ पासनं पुढं सगळा टाकला, मग व्हेरिफाय करायला १ रुपया भरा, कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि एटीएमचा पिन. एक रुपयाचं काय एवढं म्हणून भरलं. चाक फिरत राहिलं आणि 'सर्व्हर बिझी आहे' असं आलं. परत बघायला गेलो तर अॅपचं चित्रच नाही स्क्रीनवर. आपोआप निघून गेलं असं समजून घरी गेलो, जेवलो, झोपलो.

ते निघून गेलेलं नव्हतं, नुसतं लपलेलं. असल्या अॅपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा येणारा प्रत्येक ओटीपी तिकडं जातो, आणि बऱ्याचदा आपल्याला दिसायच्या आधीच पुसलाही जातो. म्हणून रात्री फोन उशाशी असून मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. सकाळी पंपावर हजाराचं डिझेल टाकलं आणि पेमेंट जाईना. पंपावरचा पोरगा म्हणाला, दादा बॅलन्स बघा. बॅलन्स ४१२ रुपये. मागं गाड्या हॉर्न वाजवालत्या आणि मी त्या आकड्याकडं बघत उभा. रात्री १:५२ ते २:२० मध्ये तीन वेळा पैसे गेलेले, ४९,९९९, मग ३८,५००, मग ९,९००. एकूण ९८,३९९. त्यात दोन पोरांचा पगार होता आणि बाकीचे टूल आणि ऑइलच्या दुकानदाराचे द्यायचे होते.

दोस्ताला फोन लावला, चढ्या आवाजात विचारलं काय पाठवलंस. तो म्हणतो, "मी कुठं काय पाठवलंय लका, माझं व्हॉट्सअॅपच काल दुपारपासनं उघडंना झालंय." त्याच्याही फोनमध्ये आदल्या दिवशी तेच शिरलेलं. मग मी माझं व्हॉट्सअॅप उघडायला गेलो, तर माझंही लॉगआउट. तिथं माझे पाय गळाले.

व्हॉट्सअॅप दुसऱ्या फोनवर चालू करायला सहा आकड्यांचा कोड मेसेजवर येतो. मेसेज त्यांच्या हातात, म्हणजे कोड त्यांच्या हातात, म्हणजे माझं व्हॉट्सअॅप त्यांच्या फोनवर. कॉन्टॅक्ट तर मीच उघडून दिलेले. आणि मग माझा फोटो, माझं नाव, आणि खाली ती फाइल. शुक्रवारी रात्रीपासनं शनिवार सकाळपर्यंत ती माझ्या नावानं फिरत होती, तालमीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, पोरीच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर, आणि सुट्ट्या माणसांना वेगळीच.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याला बोलावलं. तो फोनवरच म्हणाला, "मामा, आधी फ्लाइट मोडवर टाका, मग बोलू दुसऱ्या फोनवरनं." हे पहिलं काम, नेट आणि सिम दोन्ही तुटलं की पुढचे ओटीपी जायचे थांबतात. मग त्यानं माझं सिम काढून आईच्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. हे मला सुचलंच नसतं. कारण १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, तक्रार केली की तक्रारीचा नंबर मेसेजनं येतो, आणि तोच मेसेज चोरांना गेला असता तर काय उपयोग. बँकेच्या टोल फ्री नंबरवरनं कार्ड बंद केलं, १९३० ला तिसऱ्यांदा लावल्यावर लागला. त्यांनी खातं कुठल्या बँकेत, किती वाजता किती गेले, व्यवहाराचा नंबर काय, एवढं विचारलं. ते कागदावर काढून ठेवा आणि मगच फोन लावा, मी फोन लागल्यावर शोधत बसलो त्यात दहा मिनिटं गेली. पैसे ज्या खात्यात गेलेत तिथं अजून पडून असले तर ते तिथंच गोठवता येतात, पुढं निघाले की हात पोचत नाही. माझे ३८,५०० एका खात्यात सापडले, ते होल्ड झाले. बाकीचे तोवर निघून गेलेले. रात्री दोन वाजता कळलं असतं तर सगळे अडले असते का, हे अजून माझ्या डोक्यात फिरतंय.

दुपारी बायकोच्या फोनवर माझा नंबर टाकून कोड मागवला, तो बटणाच्या फोनवर आला, टाकला. त्या क्षणी चोर बाहेर पडले. पण त्यांनी माझ्या अकाउंटला त्यांचाच पिन लावून ठेवलेला, त्यामुळं मला आत जायला सात दिवस थांबा असं आलं. म्हणजे फाइल जायची थांबली, पण कुणाकुणाला गेली हे सात दिवस दिसणार नव्हतं. मी आणि बायको डायरी घेऊन बसलो आणि एकेकाला फोन लावले. पार्टीवाले म्हणजे माझी गिऱ्हाइकं, तालीम, शाळा, सासरवाडी. "माझ्या नंबरवरनं काय आलं असलं तर उघडू नका" हे वाक्य त्या दिवशी शंभरेक वेळा तरी बोललो. दोघांनी उघडलेलं, पण कार्ड भरलं नव्हतं, त्यांना लगेच फ्लाइट मोड सांगितला.

आत्तीला फोन केला नाही.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आजऱ्याकडं असते, एकटीच, दोन म्हशी आहेत. दूध संस्थेचं दहा दिवसाचं बिल खात्यावर येतं त्यावर तिचं चालतं. फोन तिच्या लेकाचा जुना, त्यावर नातवंडांचे फोटो बघते, एवढंच. तिच्याकडं गाडी नाही, चलनाची फाइल ती कशाला उघडेल असं मला वाटलं. पण तिला गेलेली फाइल चलनाची नव्हती, लग्नपत्रिकेची होती. माझी धाकटी बहीण लग्नाची आहे, दोन वर्षं स्थळं बघतोय, हे आत्तीला माहीत. तिला वाटलं पोरीचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी धारा काढून आल्यावर तिनं ती उघडायला बघितली, उघडंना, तर शेजारचं पोरगं बोलावलं. त्यानं सगळ्या परवानग्या दिल्या, पत्रिका बघायला ओळख पटवा असं आलं म्हणून कार्ड मागितलं. आत्तीचं कार्ड देव्हाऱ्यात फोटोच्या मागं प्लास्टिकच्या पिशवीत असतं, ते तिनं काढून दिलं. २१,४०० गेले. सगळे गेले, एक रुपया सापडला नाही.

मी तिला रविवारी सकाळी फोन केला. सातव्या दिवशी माझं व्हॉट्सअॅप उघडलं, अडकलेले मेसेज धडाधड आले, त्यात तिचा व्हॉइस मेसेज होता, शनिवारी संध्याकाळी ७:४० चा. "पत्रिका उघडंना बघ बाबा, तारीख कुठली धरलीया तेवढं सांग, म्हशीस्नी माणूस बघाय पायजे मला." तो मी बायकोला ऐकवला, आईला ऐकवायचं धाडस झालं नाही. आत्ती मला एका शब्दानं बोलली नाही. तिचे पैसे मी द्यायला गेलो तर घेईना, मग म्हशीच्या पेंडीची पोती नेऊन टाकली.

बँकेत सोमवारी लेखी अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. पोच घ्याच. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला नियम काढला, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी झालीय, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही नाही. पण ग्राहकानं स्वतःच पिन, ओटीपी दिला असला तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मी पिन स्वतःच्या बोटानं भरलेला, त्यामुळं माझ्या अर्जाला काय उत्तर आलं ते तुम्ही समजून घ्या. म्हणून कळवायला मिनिटभर पण उशीर करू नका. होल्ड झालेल्या ३८,५०० साठी कोर्टात अर्ज केलाय, तारीख पडलीय.

आता जे मला माहीत नव्हतं ते सांगतो. चलन कधीच एपीके फाइल होऊन येत नाही. एपीके म्हणजे कागद नाही, फोटो नाही, ते अख्खं अॅप असतं. पत्रिका, लाइट बिल, पीएम किसान, बँकेचं केवायसी, नाव काहीही असू दे, शेवटी एपीके दिसलं की उघडायचं नाही. चलन बघायचं असलं तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर गाडी नंबर टाकून बघा, पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असतं. मी नंतर बघितलं, झेब्रा पट्ट्याचं चलन मला आलेलंच नव्हतं.

आणि आज, आत्ता, व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जा, अकाउंटमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन असतं, तिथं सहा आकड्यांचा पिन लावा. तो लावलेला असता तर मेसेजवरचा कोड मिळून पण चोरांना माझ्या नावानं एक अक्षर पाठवता आलं नसतं, आत्तीचे पैसे वाचले असते. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या घरात सगळ्यांचं मी करून दिलंय, आजऱ्याला जाऊन आत्तीचं पण, तिचा पिन तिच्या पहिल्या म्हशीच्या बिल्ल्यावरच्या आकड्यातला आहे, म्हणजे तिच्या लक्षात राहतो.

ज्यांनी चुकून टाकून घेतलंय त्यांनी नुसतं चित्र शोधू नका, सेटिंगमध्ये अॅप्सची पूर्ण यादी बघा. माझ्यात बिननावाचं एक सापडलं, काढायला गेलं तर निघेना, कारण त्यानं डिव्हाइस अॅडमिनची, म्हणजे फोनवर ताबा ठेवायची, परवानगी घेतलेली, ती आधी काढावी लागली. नंतर भाच्यानं फोटो बाजूला घेऊन फोन सगळा कोरा केला, तेच बरं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरनं.

गेल्या आठवड्यात मी मशीनवर होतो, कागलच्या एका पार्टीच्या नंबरवरनं फाइल आली, बिल म्हणून, शेवटी एपीके. मी व्हॉट्सअॅपवर उत्तर दिलं नाही, कारण तिकडं कोण बसलंय माहीत नाही, साधा फोन लावला. ते शेतात होते, त्यांना काहीच पत्ता नव्हता. म्हटलं आधी फ्लाइट मोड करा, बोलू नका माझ्याशी, पोराच्या फोनवरनं लावा. दहा मिनिटांत कार्ड बंद झालं, पैसे जाग्यावर होते. पण फाइल तोवर त्यांच्या नावानं गेलेली. मशीन बंद केलं, हात पुसले, आणि आमच्या दोघांच्या ओळखीतली जेवढी माणसं आठवली तेवढ्यांना फोन लावत बसलो, पहिला फोन पार्टीच्या आईला लावला.