नौपाड्यातील त्वचारोग दवाखाना : जाळण्याआधी नीट पाहणारा

आईच्या पाठीवर, ब्लाउजच्या काठाला घासेल अशा जागी, गेली तीन-चार वर्षे एक काळपट, खरखरीत चकती होती. आईचे वय ७१. यंदाच्या पावसाळ्यात ती चकती वाढून आठ आण्याच्या नाण्याएवढी झाली, खाजू लागली, आणि घरात सगळेच एकमेकांची नजर चुकवू लागले. घराजवळच्या एका पार्लरमध्ये ती ‘दोन मिनिटांत जाळून देऊ’ असे सांगण्यात आले होते, तर शेजारच्या काकूंनी घोड्याचा केस बांधायला सुचवले होते. (चपट्या चकतीला केस बांधायचा कुठे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.) अखेर आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातील या दवाखान्यात वेळ घेतली. तपासणी फी ८०० रुपये होती.

डॉक्टरबाईंनी चकतीवर डर्माटोस्कोप टेकवला. साधारण दहापट मोठे दाखवणारे, स्वतःचा प्रकाश असलेले हे भिंग कातडीवरची चकाकी घालवते, त्यामुळे वरच्या थराखालची रचनाही दिसते. भिंगातले चित्र त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवले. चकतीत राईएवढे पांढरट ठिपके आणि काळी बुचे बसल्यासारखी छिद्रे होती. दोन्ही केराटिन, म्हणजे कातडीतले आणि नखांतले कठीण प्रथिन, साचून झालेली. मेण ओतून वरून चिकटवल्यासारखी दिसणारी ही वाढ म्हणजे सेबोरिक केराटोसिस. पन्नाशीनंतर ती पुष्कळांना होते, तिचा कर्करोग होत नाही, आणि कपड्याला अडकून त्रास होत नसेल तर ती काढण्याचीही गरज नसते, असे त्यांनी सांगितले. गळ्यावरच्या लोंबत्या चामखिळी, गालांवरचे बारीक काळे मस आणि पोटावरचे लालभडक ठिपके यांनाही त्यांनी असेच निरुपद्रवी ठरवले. यांपैकी काहीही काढून घेण्याचा आग्रह झाला नाही, ही गोष्ट ठाण्यातील त्वचा-दवाखान्यांच्या सध्याच्या दरपत्रकांकडे पाहता मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

आम्ही उठणार तोच त्यांनी नाकाच्या कडेकडे बोट दाखवून ‘काकू, हे कधीपासून?’ असे विचारले. तेथे जेमतेम चार मिलिमीटरचा, काळसर, किंचित चकाकणारा उंचवटा होता. आई त्याला पुटकुळी म्हणत असे. त्यावर खपली धरे, चेहरा पुसताना ती निघून थोडे रक्त येई, पुन्हा खपली धरे, आणि हे वर्षभर चालले होते. मी आदल्या रात्रीच मेलॅनोमा, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा घातक कर्करोग, ओळखण्याचा प्रसिद्ध पाच कसोट्यांचा नियम वाचून गेलो होतो : दोन अर्धे सारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, रंग एकापेक्षा अधिक असणे, व्यास ६ मिलिमीटरहून जास्त असणे आणि कालांतराने बदल होणे. त्या नियमाने पाठीवरची मोठी, काळी, वाढती चकती नापास झाली होती, आणि नाकाजवळचा बारीक, एकरंगी उंचवटा आरामात सुटला होता. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे की हा नियम मेलॅनोमासाठी आहे, इतर कर्करोगांना तो लागू पडतोच असे नाही. शिवाय बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा दुसरा कर्करोग गोऱ्या कातडीवर मोत्यासारखा गुलाबी दिसत असला तरी आपल्याकडे तो अनेकदा काळा-तपकिरी असतो आणि तीळ समजून सोडून दिला जातो. बरी होऊन पुन्हा पुन्हा फुटणारी जागा त्यांना रंगापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

त्याच दिवशी जागेपुरती भूल देऊन लहानसा तुकडा काढला गेला आणि तपासणीला गेला. आठवड्याने आलेल्या अहवालात बेसल सेल कार्सिनोमाच निघाला. हा कर्करोग सावकाश वाढतो आणि शरीरात इतरत्र फारच क्वचित पसरतो, पण राहू दिला तर आजूबाजूची कातडी आणि कूर्चा पोखरत जातो. पार्लरच्या सुईने तो जाळला असता तर तपासायला काहीच उरले नसते आणि मुळाशी राहिलेला भाग वरच्या व्रणाखाली वाढत राहिला असता. पूर्ण गाठ काढण्याची शस्त्रक्रिया येथे होत नाही. त्यासाठी प्लास्टिक सर्जनकडे पाठवण्यात आले, आणि सभोवतालच्या निरोगी कातडीसह ती निघाली. अहवालात कडा मोकळ्या आहेत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडांपर्यंत कर्करोग पोचलेला नाही.

पहिल्याच भेटीत आईला चपला काढायला लावून तळवे आणि नखे पाहिली गेली, हे मला विशेष वाटले. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलॅनोमा मुळात कमी, पण जो होतो तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. टाचेजवळच्या एका तपकिरी डागावर पुन्हा भिंग लावले गेले : तळव्याच्या रेषांमधील खाचांत रंग असेल तर सहसा काळजी नसते, उंचवट्यांवर असेल तर तुकडा काढावा लागतो. आईचा रंग खाचांत होता. परकराच्या नाडीने कमरेवर पडलेला काळा वळही तपासला गेला. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथे बरी न होणारी जखम झाल्यास क्वचित स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा आणखी एक कर्करोग होतो, आणि भारतीय डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद करताना त्याला साडी कॅन्सर असे नावच दिले आहे.

तक्रारी दोन आहेत. साडेसहाची वेळ देऊन आम्हाला पावणेनऊला आत घेतले गेले. वृद्ध माणसाला इतका वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवणे योग्य नाही. त्याहून गंभीर म्हणजे अहवाल स्वागतकक्षातून व्हॉट्सॲपवर नुसताच पाठवला गेला, आणि ‘कार्सिनोमा’ हा शब्द आईने आमच्याआधी वाचला. त्याचा अर्थ समजावणारा डॉक्टरबाईंचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. फोन वीस मिनिटांचा आणि अत्यंत सविस्तर होता, पण तो अहवालाच्या आधी यायला हवा होता.

पाठीवरची चकती तशीच आहे, टाचेच्या डागाचे छायाचित्र फाइलमध्ये ठेवले आहे, आणि सहा महिन्यांनी सर्वांगाची तपासणी पुन्हा करायची आहे. त्यासाठी आम्ही सकाळची पहिली वेळ आताच मागून घेतली आहे.