रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि आमचे दोन महिने गेले

गेल्या उन्हाळ्यात ताईची बोटं सकाळी आखडायला लागली. गालांवर लाल चट्टे उठले, उन्हात गेलं की ते जास्तच भडकायचे. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: एएनए, आयएफए पद्धतीने (सूक्ष्मदर्शकाखाली बघून), आणि अँटी-डीएसडीएनए. शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय का, हे बघणाऱ्या या रक्ताच्या तपासण्या. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका मुलाचा नंबर शेजारच्या काकूंनी दिला. त्याने २,८०० रुपये रोख घेतले, पावती ‘नंतर पाठवतो’ म्हणाला आणि एकच नळी भरली, जांभळ्या झाकणाची.

त्या नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं, ती हिमोग्रामसाठी वापरतात. अँटिबॉडीच्या या तपासण्या सहसा सिरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ भागावर, होतात. त्यासाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी भरतात. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

संध्याकाळीच व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. वर एका मोठ्या लॅबचं नाव, कोपऱ्यात एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह, खाली ‘एएनए ०.४, निगेटिव्ह’. डीएसडीएनएही निगेटिव्ह. आईने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरांनी दुखणं कमी होण्याच्या गोळ्या दिल्या, ताई त्या दोन महिने घेत राहिली. मग तिचे पाय सुजले.

संधिवाताच्या मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “यात टायटर कुठे आहे? पॅटर्न कुठे आहे?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आयएफएमध्ये पेशंटचं सिरम पातळ करून हेप-२ नावाच्या पेशींवर टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमक बघतात. म्हणून उत्तर १:८०, १:१६० असं येतं, म्हणजे सिरम किती पातळ केलं तरी चमक दिसते ते. हाच टायटर. सोबत चमकेचा होमोजिनस, स्पेकल्ड असा पॅटर्न लिहिलेला असतो. ०.४ सारखा सुटा आकडा एलायझा या दुसऱ्या पद्धतीच्या रिपोर्टात येतो. तिथे ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एन्झाइममुळे रंग येतो आणि यंत्र तो मोजतं. एलायझा कमअस्सल नाही, डीएसडीएनएसाठी ती सर्रास करतात. पण आमच्याकडून पैसे आयएफएचे घेतले होते, आणि कागदावर पद्धतीचं नावच नव्हतं.

मी त्या लॅबच्या मुख्य नंबरवर फोन करून रिपोर्टवरचा बारकोड सांगितला. असा नमुना त्यांच्याकडे आलाच नव्हता. कुणीतरी त्यांचं लेटरहेड चोरून वापरलं होतं. ताईचं रक्त कुठल्या यंत्रापर्यंत पोहोचलं तरी होतं का, कोण जाणे.

पुन्हा तपासलं तेव्हा एएनए १:६४०, होमोजिनस. डीएसडीएनए वाढलेलं, लघवीत प्रथिनं. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, आणि तो किडनीपर्यंत गेलेला. मॅडमनी सगळ्यात आधी त्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, कारण अशा किडनीला त्या आणखी त्रास देतात. दोन महिने आम्हीच त्या तिला रोज जेवणानंतर आठवणीने देत होतो. हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

रक्त देण्याआधी नमुना नेमका कुठल्या लॅबमध्ये जाणार ते विचारा आणि त्या लॅबला स्वतः फोन करून खात्री करा. पावती हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. एनएबीएलचं नुसतं चिन्ह पाहून थांबू नका. त्यांच्या संकेतस्थळावर त्या लॅबचं नाव आणि मान्यता मिळालेल्या तपासण्यांची यादी मिळते, तिच्यात तुमची तपासणी आहे का बघा. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली नसेल तर तो डॉक्टरांना तसं सांगूनच दाखवा.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या मुलाचा जुना नंबर बंद लागतो. परवा मात्र शेजारच्या सोसायटीत तोच मुलगा, नव्या नंबरचं कार्ड वाटत फिरताना दिसला.